बाटलीचे कव्हर आधी मापात हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा सुरू झाला की सोलापुरात नवी पेठेत, मधला मारुती परिसरात दुकानांच्या दारांवर पाण्याच्या बाटल्यांची कव्हरे लटकू लागतात. गुबगुबीत, आतून चकचकीत चंदेरी, वरून चौकटी-चौकटींची शिलाई. पालक बोटांनी दाबून पाहतात आणि त्यातले सर्वांत जाड उचलतात. तरी मधल्या सुट्टीपर्यंत पाणी कोमट होते, थोड्याच दिवसांत कव्हराला कुबट वास येतो आणि सत्र संपायच्या आत तळ फाटतो. यात कापडाचा दोष कमी आणि बेतण्याचा जास्त असतो. जूनसाठीचे गणवेश आता शिवायला पडतील. त्यांच्याबरोबर बाटलीची कव्हरे घेण्याचा विचार ज्या शाळा करत आहेत त्यांनी, आणि ती शिवणाऱ्या बचत गटांनी, कापडाला कात्री लावण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

सर्वांत आधी ठरवायचे ते हे, की बाटलीत फ्रिजचे पाणी भरणार की माठाचे किंवा नळाचे. दोन्हींना एकच कव्हर चालत नाही. फ्रिजच्या पाण्याला बाहेरची उष्णता अडवणारे कोरडे कव्हर लागते. साध्या पाण्याला ओले कव्हर लागते, कारण ओलावा वाळताना बाटलीतली उष्णता ओढून घेतो. शेतात पाण्याच्या कॅनला ओले गोणपाट गुंडाळतात ते याच कारणाने. आपल्याकडे चैत्र-वैशाखातली हवा कोरडी असते. तापमान ४० अंश आणि हवेतली आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडाचे तापमान वाऱ्यावर २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. त्यामुळे सावलीत, वाऱ्याला टांगलेल्या बाटलीतले पाणी २५-२६ अंशांवर राहणे शक्य असते. मात्र हेच ओले कव्हर ८ अंशांच्या फ्रिजच्या बाटलीवर चढवले की उलटा परिणाम होतो. स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीसपटीहून अधिक सहज जाते, त्यामुळे भिजलेले कापड त्या पाण्याला झपाट्याने तापवते. म्हणून फ्रिजच्या बाटलीला ओला टॉवेल गुंडाळू नये.

आता कोरड्या कव्हराचा बेत. उदाहरणासाठी एक लिटरची साधी, एकेरी पत्र्याची स्टीलची बाटली घेऊ. व्यास ७.५ सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण २३.६ सेंटिमीटर. तळापासून खांद्यापर्यंत उंची २० सेंटिमीटर. घेर पट्टीने मोजून काढू नये, टेपने बाटलीभोवती घ्यावा, कारण अनेक बाटल्या मधे बारीक असतात आणि आपल्याला सर्वांत जाड जागेचे माप लागते.

सर्वाधिक चुका इथे होतात. अस्तर, फोम आणि वरचे कापड हे तिन्ही थर एकाच मापाने कापले जातात. गठ्ठ्याने कापायला ते सोयीचे असते, पण नळकांड्यावर बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा मोठाच लागतो. फोम ५ मिलिमीटर जाड असेल तर बाहेरचा घेर ३.१ सेंटिमीटरने वाढतो. १० मिलिमीटर असेल तर ६.३ सेंटिमीटरने. ही वाढ दिली नाही तर वरचे कापड फोमला आवळते, ५ मिलिमीटरचा फोम दोन-तीन मिलिमीटरवर येतो आणि ज्या अडकलेल्या हवेसाठी तो घातला तीच पिळून निघते. हाताला कव्हर घट्ट आणि छान लागते, काम मात्र करत नाही. दोन-चार दिवसांत उभी शिलाई ताणून उसवते ती याचमुळे.

वरील बाटलीसाठी मापे अशी धरावीत. अस्तराचा तयार घेर २४.४ सेंटिमीटर, म्हणजे बाटली सहज आत-बाहेर होण्यापुरती ८ मिलिमीटरची ढिलाई. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर माया (शिलाईसाठी सोडलेले जास्तीचे कापड) धरून अस्तर २६.४ सेंटिमीटर रुंद कापावे. ५ मिलिमीटर फोम २६ सेंटिमीटर रुंद, त्याला माया ठेवायची नाही. वरच्या कापडाचा तयार घेर २८ सेंटिमीटर, माया धरून ३०. उंचीला फोम २० सेंटिमीटर, वरचे कापड २३ आणि अस्तर ३१. अस्तर एवढे उंच का, ते पुढे येईलच. तळासाठी अस्तराचे गोल ९.८ सेंटिमीटर व्यासाचे, वरच्या कापडाचे ११ सेंटिमीटरचे आणि फोमचे ८.७ सेंटिमीटरचे. ५८ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) एक मीटर ड्रिलमध्ये, म्हणजे गणवेशाच्या जाड कापडात, ३० बाय २३ चे तुकडे पन्ह्यात चार आणि लांबीत चार, असे सोळा बसतात. कडेला २७ सेंटिमीटरची पट्टी उरते, तिच्यातून तळाचे सोळाही गोल निघतात. म्हणजे एका मीटरात सोळा कव्हरे, आणि चिंधी अगदी थोडी.

वरच्या कापडासाठी गणवेशाचे ड्रिल किंवा मॅटी उत्तम, फक्त ते आधी भिजवून वाळवलेले हवे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि कव्हरात तेवढी जागाच नसते. रंग फिका घ्यावा. मैदानात उन्हात पडलेल्या बाटलीचे काळे-निळे कव्हर पांढऱ्या कव्हरापेक्षा खूपच जास्त तापते.

मधल्या थरासाठी आमची पसंती बंद छिद्रांच्या ई.पी.ई. फोमला आहे, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांत येतो तो पांढरा. पॉलिएस्टरचा कापूस किंवा टॉवेलचा तुकडा कोरडा असेपर्यंत तितकेच काम करतो. पण थंड बाटलीभोवतीच्या हवेतली वाफ कापडातून आत शिरते, कापसात पाणी होऊन बसते आणि कापूस ओला झाला की तो कव्हर म्हणून संपला. घाम येणे ही केवळ ओल्या दप्तराची अडचण नाही. बाटलीवर १० ग्रॅम दव जमले तर वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता लिटरभर पाणी जवळजवळ ६ अंशांनी तापवण्याइतकी असते. म्हणून थंड पृष्ठभागापर्यंत दमट हवा जितकी कमी पोहोचेल तितके बरे.

फोम दुप्पट जाड केला की थंडावा दुप्पट टिकत नाही. ५ मिलिमीटर फोमने उष्णता आत येण्याचा वेग साधारण निम्म्याखाली येतो, १० मिलिमीटरने तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहतो. उघड्या बाटलीभोवतीही हवेचा एक पातळ स्थिर थर असतो आणि तो थोडी उष्णता अडवतच असतो, त्यामुळे पहिल्या काही मिलिमीटरचा फायदा सर्वांत मोठा. वाढीव ५ मिलिमीटरसाठी कव्हर दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात मावेनासे होते. त्यापेक्षा तेवढाच फोम बाटलीच्या टोपणावर खर्च करावा.

टोपणाची बाजू बहुतेक कव्हरांत उघडीच राहते. खांदा आणि टोपण मिळून बाटलीच्या पृष्ठभागाचा सुमारे पाचवा हिस्सा होतो. अंगाला फोम लावला आणि वरचा भाग उघडा ठेवला, तर आत शिरणाऱ्या उष्णतेपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक या पाचव्या हिश्श्यातूनच येते. म्हणून अस्तर ३१ सेंटिमीटर उंच घ्यायचे. खांद्याच्या वर आलेल्या अस्तराच्या काठाला दीड सेंटिमीटरचा नेफा करून त्यात ६ मिलिमीटरचे इलॅस्टिक घालायचे, म्हणजे कव्हराचे तोंड बाटलीच्या मानेवर बसते. लांब नाडी लहान मुलांच्या वस्तूला नकोच, ती खेळताना कुठेही अडकते. त्यावर ५ मिलिमीटर फोमची छोटी टोपी शिवावी: वर ९ सेंटिमीटरचा गोल आणि बाजूला ६ सेंटिमीटरची पट्टी. टोपी मागच्या बाजूला चार सेंटिमीटर फितीने कव्हरालाच जोडावी. सुटी टोपी पहिल्याच आठवड्यात हरवणार.

तळ बंदच असावा. काही कव्हरे दोन्ही बाजूंना उघडी, नुसत्या नळीसारखी असतात. थंड हवा जड असते, ती खालून गळून जाते आणि वरून गरम हवा आत येत राहते. तळ बंद असेल तर बाटली आणि अस्तर यांच्यामधली थंड हवा पेल्यात राहावी तशी आतच थांबते. त्यामुळे कव्हर तीन-चार मिलिमीटर सैल असले तरी बिघडत नाही. शाळेत सर्वांच्या बाटल्या सारख्या नसतात, तिथे ६.७ आणि ७.५ सेंटिमीटर व्यासांसाठी दोनच साइज ठेवून चालते. मधल्या मापाची बाटली मोठ्या साइजमध्ये घालावी, छोट्यात कोंबू नये.

चंदेरी अस्तराबद्दल गैरसमज फार आहेत. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेची किरणे परतवतो हे खरे, पण त्याच्यासमोर हवेची फट असेल तरच. फोम आणि कापड यांच्यामध्ये दाबून बसवलेली किंवा बाटलीला चिकटलेली चंदेरी फिल्म तो गुण गमावते. तिथे ती फक्त पाणी अडवण्याचे काम करते आणि ते काम साधे पॅराशूट कापडही (पातळ, पाणी न झिरपणारे) करते. चंदेरी फिल्म घडीवर तडकते, तिचे पापुद्रे निघतात. आम्ही तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असेच सांगू. सुती अस्तर तर मुळीच नको, ते घाम शोषून ठेवते आणि कुबट वास तिथूनच येतो.

शिवताना आधी फोमची दोन टोके एकमेकांना भिडवून झिगझॅगने जोडावीत. टोकावर टोक चढवले तर तिथे गाठ येते आणि ती वरून दिसते. झिगझॅग नसेल तर हाताने मोठे तिरपे टाके घालावेत. सुई १६ नंबरची, टाका ३ ते ३.५ मिलिमीटर. बारीक टाका मारला की फोम त्या रेषेवर भोके पडून फाटतो. फोम मशीनच्या फूटला चिकटून पुढे सरकत नसेल तर वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारावी आणि नंतर कागद ओढून काढावा. धागा पॉलिएस्टरचा. सुती धागा सततच्या ओलीत कुजतो.

फोमवर चौकटींची शिलाई मारू नये. प्रत्येक टिपेखाली ५ मिलिमीटरचा फोम एक मिलिमीटर होतो आणि त्या रेषेतून उष्णता आत येते. दिसायला कव्हर भारी वाटते म्हणून बाजारात ती असते. ई.पी.ई. फोम आत घसरत नाही, त्याला शिलाईची गरजच नाही. काठांवर अडकवला की पुरे.

तळाचा गोल बसवताना चुण्या पडतात ही नेहमीची तक्रार. नळीचा खालचा काठ आणि गोल या दोन्हींवर चार-चार खुणा कराव्यात, खुणेला खूण टाचावी, आणि नळीच्या मायेला दर सेंटिमीटरला ६ मिलिमीटर खोल काप द्यावेत. शिवताना गोल खाली आणि काप दिलेला काठ वर ठेवला की काप उघडत जातात आणि कापड गोलावर आपसूक बसते. काप टिपेपर्यंत पोहोचू देऊ नयेत. अस्तराची पिशवी आणि बाहेरची पिशवी अशा दोन वेगळ्या शिवायच्या, बाहेरचीत आधी फोमचा गोल, मग फोमची नळी, मग अस्तर घालायचे. शेवटी बाहेरच्या कापडाचा काठ सेंटिमीटरभर आत दुमडून खांद्याच्या उंचीवर अस्तरावर टीप मारायची. तिथे बाहेरचा घेर साडेतीन सेंटिमीटरने जास्त असतो, तो चार छोट्या चुण्यांत वाटून घ्यावा. सगळा एकाच जागी सोडला की कव्हर वाकडे दिसते.

पट्टा दोन बाजूंना नुसता टाचला तर तो हमखास उसवतो. भरलेली बाटली सव्वा किलोच्या घरात जाते आणि मूल पळताना त्याहून मोठा झटका बसतो. अडीच सेंटिमीटर रुंद नायलॉनची पट्टी एका बाजूने खाली, तळाखालून जाऊन दुसऱ्या बाजूने वर अशी सलग न्यावी, म्हणजे वजन शिलाईवर न येता पट्टीवर येते. वर खांद्याचा भाग धरून साधारण दीड मीटर पट्टी लागते. ती बाहेरच्या नळीवर फोम घालण्यापूर्वी शिवायची, नाहीतर टीप फोममधून जाईल. तळाखालचा भाग मात्र गोल बसवल्यावर, तळावर घट्ट धरून टाचावा. टोके मेणबत्तीवर वितळवून घ्यावीत. वर्गातल्या शहाबादी फरशीवर तळाचा काठ सर्वांत आधी झिजतो, त्यामुळे तळाला ड्रिलचा दुहेरी थर किंवा रेक्झिन लावावे.

ओल्या कव्हराची गोष्ट याहून सोपी, आणि ती सोलापूरची आहे. टर्किश टॉवेलइतके पाणी धरणारे कापड या कामाला दुसरे नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांतून निघणारे कटपीस आणि बारीक दोषामुळे बाजूला पडलेले टॉवेल यासाठी पुरेसे आहेत. ४०० ते ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) एकच थर, फोम नाही, अस्तर नाही. हे बाटलीला घट्ट चिकटलेच पाहिजे, कारण इथे उष्णता बाटलीतून कापडात यायला हवी. कोरा टॉवेल दोन-तीनदा साबणाने धुऊन मगच बेतावा. नवेपणीच्या फिनिशमुळे तो पाणी नीट पीत नाही आणि धुतल्यावर आटतोही. वरील बाटलीला धुतलेला तुकडा २५.५ सेंटिमीटर रुंद कापून तयार घेर २३.५ ठेवावा. कडा इंटरलॉक केल्याशिवाय शिवू नये, लूप सुटून रुंवा पडत राहतो. तळाला कापड न लावता दोन आडव्या-उभ्या पट्ट्या द्याव्यात, म्हणजे पाणी निथळेल आणि कापड जमिनीवरची घाण शोषणार नाही. वेल्क्रो टॉवेलच्या जवळपासही नको. त्याचे आकडे लूप ओढून काढतात.

हे कव्हर दप्तरात घालायचे नाही, टांगायचे. वारा लागला नाही तर नुसते ओले फडके. उन्हाळ्याच्या वाऱ्यात ते तासा-दोन तासांत वाळते, तेव्हा पुन्हा भिजवावे लागते. पावसाळ्यात हवा दमट असताना त्याचा उपयोग जवळजवळ नाही. बोअरच्या पाण्याने भिजवत असाल तर कापडावर क्षारांची पांढरी खपली धरते आणि टॉवेल पाणी प्यायचा थांबतो. महिन्यातून एकदा लिंबाच्या पाण्यात तासभर बुडवून खळबळून घ्यावे.

सोलापुरी चादरीच्या तुकड्यांची कव्हरेही अधूनमधून दिसतात. दिसायला ती देखणी असतात यात वाद नाही. पण चादरीचे जाड सुती कापड घाम पिऊन घेते, म्हणून फ्रिजच्या बाटलीला ती वापरायची तर फोम आणि पॅराशूट अस्तर आत हवेच. दुहेरी भिंतीच्या, मधे निर्वात पोकळी असलेल्या बाटलीला यातल्या कशाचीच गरज नाही. तिला फार तर पोचे पडू नयेत म्हणून साधी पिशवी शिवावी.

स्वच्छतेचे एवढेच, की शाळेतून आल्यावर बाटली काढून कव्हर उलटे करायचे आणि तारेवर टाकायचे. बाटली आत ठेवूनच रात्र गेली तर कोणतेही अस्तर वास मारेल.

शाळांना विनंती, की ऑर्डर देण्यापूर्वी नमुना मागवून एक चाचणी घ्यावी. एकाच मापाच्या दोन बाटल्या, दोन्हींत सारखे पाणी, रात्रभर एकाच फ्रिजमध्ये. सकाळी एक कव्हरात, दुसरी उघडी, दोन्ही सावलीत शेजारी-शेजारी. दोन तासांनी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने पाणी हलवून तापमान घ्यावे. न हलवता मोजले तर वरचे गरम पाणीच मोजले जाते. बाहेर ३८-४० अंश असताना नीट शिवलेल्या, टोपी असलेल्या कव्हरातले पाणी उघड्या बाटलीपेक्षा सात-आठ अंशांनी थंड असायला हवे. फरक पाच अंशांहून कमी आला तर आधी कव्हर उलटे करून फोम कुठे दाबला गेला आहे ते पाहावे, मग टोपी मानेवर नीट बसते का ते पाहावे. या दोन जागा दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि त्या नमुन्यातच दुरुस्त करून घ्याव्यात. सगळा माल शिवून झाल्यावर कारागिराला त्या उसवायला लावणे अन्यायाचे ठरेल.

आपल्या,
शिवणकाम शिकवणाऱ्या काही जणी,
सोलापूर